मोठ्या अक्षरातला हरिपाठ : अक्षरकामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

काम हातात घेतलं. पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशकांना हरिपाठ मोठ्या अक्षरांत काढायचा आहे. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांच्यासाठी मुख्यतः, पण शेजारी बसलेल्या नातवंडालाही त्यातूनच वाचता आलं पाहिजे. माउलींच्या पालखीचं आळंदीहून प्रस्थान १९ जूनला आहे. त्याच्या आठवडाभर आधी पुस्तक बांधून तयार हवं.

बाजारातला चांगला फॉण्ट घ्यायचा आणि वीस पॉइंटांत फुगवायचा, असा सोपा मार्ग आधी करून पाहिला. पहिल्याच प्रिंटआउटवर तो बंद झाला. दहा-बारा पॉइंटांसाठी काढलेलं अक्षर एवढं मोठं केलं की शिरोरेषांचा काळा पट्टा पानावर आडवा पसरतो आणि खाली अक्षरं त्याला टांगल्यासारखी दिसतात. चार वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेलं माझं एक अक्षर, म्हणजे मी काढलेला फॉण्ट, आहे. तेच पुढे न्यायचं ठरवलं.

प्रकाशक निघताना दारात थांबून म्हणाले, "सुंदर करा. म्हणजे कुणीही हातात घेतलं तरी सुंदर म्हणेल असं." वहीच्या पहिल्या पानावर मी "कुणीही" एवढा एकच शब्द लिहून ठेवला. असं काही असतं का, ते या कामात कळलं तर हवंच आहे.

८ फेब्रुवारी

आजचा दिवस फक्त जाडीत गेला.

काना आणि शिरोरेषा दोन्ही ९२ युनिट (फॉण्ट काढतानाचं माप) जाड ठेवली होती. मोजून सारखी, पण डोळ्यांना शिरोरेषा जाड दिसत होती. आडवी रेघ त्याच जाडीच्या उभ्या रेघेपेक्षा जाड भासते, हे या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. तरी दर वेळी कागदावर बघावं लागतं. ९२ वरून ८८, ८६, शेवटी ८३ वर थांबलो. आता दोन्ही सारख्या दिसतात, मोजल्या तर नाहीत.

ठ चंही तसंच. त्याचं वर्तुळ कान्याच्या टोकाशी अगदी बरोबर टेकवलं तर ठ आखूड वाटतो. किंचित खाली उतरवला की बरोबर बसतो. संध्याकाळी आत्याकडे गेलो होतो तेव्हा दोन्ही कागद पुढे ठेवले, काही न सांगता. तिला अक्षरकाम कशाशी खातात ते माहीत नाही. पहिल्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "हा ठ कुणी वर ओढून धरलाय का रे?" दुसऱ्याबद्दल काहीच बोलली नाही. चुकलेलं चटकन दिसतं, बरोबर असलेलं दिसतच नाही.

म्हणजे इथपर्यंत तरी डोळे सगळ्यांचे सारखे असावेत. ही खूण करून ठेवतो.

१५ फेब्रुवारी

ल आणि श.

माझी सहकारी इंदूरची. घर मराठी, शाळा हिंदी. तिनं काढलेल्या ल ला उजवीकडे सरळ दंड. माझ्या ल ला दोन पाकळ्या, दंड नाही. युनिकोडमध्ये दोन्हींना एकच क्रमांक आहे. मजकुराची भाषा मराठी आहे असं संगणकाला सांगितलं आणि फॉण्टमध्ये तशी सोय केलेली असली, तरच पाकळीचा ल उमटतो. ती सोय नसली की मराठी मजकूरही दंडाच्या ल मध्ये येतो, आणि गेली पंचवीसेक वर्षं पडद्यावर बहुतेक तसाच येत आला आहे. शासनाच्या लिपीविषयक निर्णयांत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीचे म्हणून स्पष्ट लिहिलेले आहेत. त्यामुळे पुस्तकात काय घ्यायचं याबद्दल वाद नव्हताच.

वाद वेगळाच निघाला. मी म्हणालो, दंडाचा ल मला कोरडा वाटतो, एखाद्या फलकावरचा. तिला तो मुळीच तसा वाटत नाही. तिला तो ल म्हणूनच वाटतो, बाकी काही नाही. पाकळीचा ल तिला वेगळा दिसतो. लहानपणी आजीची पत्रं साताऱ्याहून यायची, त्यांत तो असायचा. "मला तो सणाला नेसवलेला ल वाटतो," असं म्हणाली.

मला ज्या ल कडे नजर टाकल्यावर ल दिसतो, आकार दिसतच नाही, त्याच ल मध्ये तिला आकार दिसतो. उलट बाजूनं माझंही तेच. या क्षणी दोघांपैकी सौंदर्य कोण बघतंय आणि नुसतं वाचतंय कोण, हे मला ठरवता आलं नाही.

आणखी एक. आजचा अ, झ आणि ण हे तिघेही मुंबईच्या वळणाचे. उत्तरेत यांची वळणं निराळी होती. कलकत्ता वळण म्हणतात त्याला. पुढे हिंदीचं प्रमाणीकरण झालं तेव्हा मुंबईची वळणं घेतली गेली. आज इंदूरच्या किंवा लखनौच्या माणसाला आपला अ परका वाटत नाही, जुना अ दाखवला तर तोच परका वाटतो. नेपाळात मात्र झ अजून जुन्या वळणाचा काढतात. दोन पिढ्यांत एका मोठ्या प्रदेशाचा डोळा बदलला, आणि बदलला हेही विसरला.

२७ फेब्रुवारी

काम नाही. मराठी भाषा गौरव दिनाची दोन पोस्टर दुसऱ्या कुणासाठी करून दिली. त्यांतल्या एकावर मीच घाईत दंडाचा ल सोडला. रात्री लक्षात आलं. सकाळी बदलून पाठवणार.

६ मार्च

जुळारी काकांकडे गेलो. वय ब्याऐंशी. चाळीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले, मग ऑफसेट छपाई आली आणि छापखान्यानं केस, म्हणजे खिळ्यांच्या पेट्या, विकून टाकल्या. घरात त्यांनी एक लहानशी पेटी ठेवली आहे, खिळ्यांची. कागदात गुंडाळलेले द्ध, द्व, ह्म, क्ष.

मी वीस पॉइंटांचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उलटं धरलं, डोकं खाली पाय वर, आणि डोळे अर्धे मिटून हाताच्या अंतरावर नेलं. "वाचू नकोस," मला म्हणाले, "वाचलंस की काही दिसत नाही." मग बोट फिरवत गेले. "इथे भोक पडलंय. इथे गाठ झालीये. ही ओळ बरी आहे. ही खाली काळी पडत चाललीये." प्रत्येक ठिकाण मी पेन्सिलीनं खुणावलं. घरी येऊन बघितलं तर "भोक" म्हणजे र नंतर जास्त सुटलेली जागा आणि "गाठ" म्हणजे क्ष आणि ण एकमेकांना चिकटलेले. सगळ्या खुणा बरोबर.

त्यांच्या मते निर्णयसागरच्या खिळ्यांसारखं अक्षर पुन्हा झालं नाही. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत तो छापखाना काढला. पंच कापणारे होते राणोजी रावजी आरू. पोलादाच्या दांडीवर उलटं अक्षर कापायचं, त्याचा ठसा तांब्यात घ्यायचा, त्यात शिसं ओतायचं. काका म्हणाले, बोरूनं तिरकं वळवून काढलेलं अक्षर पोलादातही तसंच उतरलं, म्हणून ते सुंदर. मी विचारलं, "काका, तुम्हाला सुंदर वाटतं की ते आहेच सुंदर?" त्यांना प्रश्नच कळला नाही. पुन्हा विचारला. थोडे रागावले. "अरे, मला काय वाटायचंय त्यात? बघ ना तू."

निघताना त्यांनी सावरकरांच्या लिपीसुधारणेचा विषय काढला. इ, ई, उ, ऊ वेगळे नकोतच, अ लाच वेलांटी आणि उकार द्यायचे : अि, अी, अु, अू. खिळे कमी होतील, मुलं लवकर शिकतील. किर्लोस्कर मासिकात तसं छापलं जायचं. काका म्हणाले, "पहिल्यांदा जुळवताना अंगावर काटा यायचा. अुंदीर! वर्षभरानंतर काहीच वाटेना. मग ते गेलं, आणि पुन्हा इ लावायला लागलो तर इ च विचित्र दिसायला लागली."

१२ मार्च

प्रकाशकांचा फोन. पानाचा आकार सुवर्ण प्रमाणात, म्हणजे एक बाजू दुसरीच्या साधारण १.६२ पट, ठेवा, ते प्रमाण जगभर सुंदर मानतात, असं त्यांच्या मुलानं कुठे तरी वाचलं.

यावर थोडं लिहून ठेवतो, कारण हा मुद्दा दर दुसऱ्या कामात येतो. गुस्ताव फेक्नर या जर्मन शास्त्रज्ञानं १८७६ साली छापलेला प्रयोग आहे. दहा आयत लोकांपुढे ठेवले आणि सगळ्यात आवडलेला निवडायला सांगितलं. सुमारे एक तृतीयांश लोकांनी सुवर्ण प्रमाणाचा आयत उचलला. इतर कुठल्याही एका आयताला एवढी पसंती मिळाली नाही, हे खरं. पण दोन तृतीयांश लोकांनी दुसरा काही तरी उचलला, हेही तितकंच खरं. पुढच्या दीडशे वर्षांत हा प्रयोग अनेकांनी केला आणि निकाल एकसारखे आले नाहीत.

आणि आपली पोथी? ती आडवी, लांबट, सुटी पानं. ताडपत्राचा आकार कागद आल्यावरही तसाच राहिला, कारण मांडीवर किंवा पाटावर ठेवून पान वर उचलून पलीकडे ठेवायचं असतं. त्या आकारात सुवर्ण प्रमाण शोधायला गेलं तर सापडणार नाही. आजवर कुणाला पोथी बेढब वाटली असं मी ऐकलेलं नाही. मांडीवर पुस्तक उघडं राहिलं पाहिजे आणि अंगठ्याखाली अक्षर जाता कामा नये. समास त्यावरून ठरवतो. प्रकाशकांना तसं सांगितलं, पटलं.

२२ मार्च

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

आत्याकडे पहिलं जोडलेलं प्रूफ घेऊन गेलो. तिची नात घरी होती, चौथीतली, मराठी शाळेत जाते. दोघींना शेजारी बसवलं आणि पहिली ओळ पुढे ठेवली :

देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी ।

दोन प्रकारे काढली होती. एकीत जुना जोडलेला द्व, द च्या पोटाखाली लोंबणारा लहानसा व. दुसरीत द्‌व, म्हणजे द चा पाय मोडून पुढे पूर्ण व. बालभारतीच्या पुस्तकांत असा पाय मोडलेला द सर्रास दिसतो, "विद्‌यार्थी" वगैरे. नात त्यावरच वाचायला शिकली आहे.

आत्यानं कागद हातात घेतला तो वाचायला नव्हेच, ओळ तिला पाठ आहे. दुसऱ्या नमुन्यावर थबकली. "हे काय? द चा पाय मोडलाय तुझ्या." मी म्हणालो, हल्ली असं लिहितात. "लिहू देत. देवाच्या दारात उभं राहायचं आणि दारालाच लंगडं करायचं?"

नातीनं पहिला नमुना वाचला, "देवाचिये द्धारी." मग स्वतःच थांबली. "द्धारी म्हणजे?" दुसरा नमुना सरळ वाचला, द्‌वारी. म्हणाली, "आजी, हे छान आहे. यात व दिसतोय. त्यात व आहेच कुठे?"

"आहे की."

"कुठे?"

"दिसत नाही तुला? पोटाशी."

पाच-सात मिनिटं हे चाललं. मी मुद्दाम मध्ये पडलो नाही. आत्यानं तिचं बोट धरून कागदावर ठेवलं. "हा द. हे त्याचं पोट. हे खाली काय आलंय? गोल. आणि ही गोलाला टेकून उतरलेली रेघ. व झाला की नाही? द नं व ला पोटाशी धरलंय." पोरगी कागदाच्या अगदी जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अच्छा. कडेवर घेतलंय." आणि आणखी थोड्या वेळानं, "पण मग व एवढा बारका का? तो मोठा झालाय ना आता."

मला हसू आलं नाही, धक्का बसला. चार वर्षं हे अक्षर माझ्याकडे पडून आहे आणि तो व खरोखरच उपाशी आहे. खिळ्याच्या काळात द्व ला एका खिळ्याच्या उंचीत बसवायचं तर व ला आक्रसून घ्यावंच लागे. माझ्याकडे तशी कुठलीच अडचण नाही. आरूंच्या पोलादानं घातलेली मर्यादा मी सौंदर्य म्हणून जशीच्या तशी उचलली होती.

शिवाय पोरीनं द्ध वाचलं, ही तिची चूक नव्हे. व बारीक झाला की त्याच्या पोटातली पांढरी जागा बुजते आणि द्व, द्ध, द्द तिन्ही एकमेकांसारखे दिसायला लागतात. आत्याला पाठ आहे म्हणून अडत नाही.

रात्री द्व वर बसलो. व चं पोट जवळजवळ दीडपट. द ची शेपटी थोडी डावीकडे वळवली, म्हणजे व ला उतरायला वाट होईल. खालच्या ओळीतल्या मात्रांवर आदळू नये म्हणून ओळींतलं अंतर दोन पॉइंटांनी वाढवावं लागेल. पानं वाढतील. वाढू देत.

२३ मार्च

रविवार. प्रूफ बाजूला ठेवून वाचत बसलो.

काल दोघींचं भांडण ऐकताना एक गोष्ट सतत टोचत होती. कारलं आवडतं की नाही यावर त्या दोघी एवढ्या भांडल्या नसत्या. "तुला आवडतं, मला नाही आवडत" म्हणून विषय संपला असता. आपल्या भाषेतच तो फरक आहे. "आवडतं" म्हटलं की कुणाला ते सांगावं लागतं : मला, तुला, आजीला. "सुंदर आहे" म्हटलं की कुणाचंच नाव लागत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७९० मध्ये हेच पकडलं आहे. दारूची चव मला गोड लागते असं म्हणणारा फक्त स्वतःपुरतं बोलतो. सुंदर म्हणणारा मात्र सगळ्यांनी मान्य करावं असा हक्क सांगतो, आणि तरी ते सिद्ध करायला त्याच्याकडे कुठलाही नियम नसतो. जुळारी काका माझ्यावर का रागावले ते आज नीट कळलं. मी त्यांना चव विचारत होतो आणि ते मला अक्षर दाखवत होते.

मर्ढेकरांचं सौंदर्यावरचं लेखन पुन्हा काढलं. त्यांच्या मते सौंदर्य हे वस्तूतल्या संवेदनांच्या परस्परसंबंधांत असतं. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांनी ते संबंध बांधलेले असतात. पानाचा काळेपांढरेपणा बघताना मला हे शंभर टक्के पटतं. काकांनी पान उलटं धरलं तेव्हा अर्थ गळून पडला आणि उरली ती निव्वळ लय. ती आत्यालाही दिसते, इंदूरच्या मुलीलाही दिसते, चौथीतल्या पोरीलाही दिसते. भोक सगळ्यांना भोकच दिसतं.

पण "देवाच्या दारात लंगडं" यातलं दुःख मर्ढेकरांच्या लयीत कुठे बसवायचं? ते अर्थाचं आहे, सत्तर वर्षं सकाळ-संध्याकाळ म्हटलेल्या ओळीचं आहे. रा. भा. पाटणकरांनी सौंदर्यशास्त्राला दोन ध्रुव आहेत असं मांडलं, लौकिकतावादी (कलेला रोजच्या जगण्याशी आणि अर्थाशी जोडणारा) आणि अलौकिकतावादी (कलेला त्यापासून स्वतंत्र मानणारा), आणि एकानं दुसऱ्याला गिळू नये असा त्यांचा आग्रह होता. वाचताना हे मला पूर्वी तडजोडीसारखं वाटायचं. काल एका द्व मध्ये दोन्ही ध्रुव शेजारी बसलेले बघितले, आता तसं वाटत नाही.

आणि मला जे सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे : पोरीला शेवटी व दिसला. तिची आवड बदलली की नाही मला माहीत नाही. पण आधी जे तिच्या डोळ्यांना नव्हतंच ते बोट ठेवल्यावर आलं. प्रत्येकाचं सौंदर्य ज्याच्या त्याच्या डोक्यात बंद असतं तर त्या बोटाचा काही उपयोग झाला नसता. आणि सगळ्यांना जन्मतःच सारखं दिसत असतं तर बोटाची गरजच पडली नसती.

५ एप्रिल

ख. "हरि मुखें म्हणा" या ओळीत तो परत परत येतो. जुन्या खिळ्यांत ख म्हणजे जवळजवळ र आणि व शेजारी. "मुखें" चं "मुरवें" व्हायला वेळ लागत नाही. हल्लीचा ख खालून जोडलेला असतो, तोच घेतला. याबद्दल आत्यासकट कुणाचीच तक्रार नाही, हेही नोंदवतो. द चा पाय मोडलेला तिला खपला नाही, ख चा जोडलेला पाय तिच्या लक्षातही आला नाही. म्हणजे जुनं ते सगळंच तिला हवंय असं नाही.

अनुस्वार त्रास देताहेत. प्रकाशकांना जुनं लेखन ठेवायचं आहे : तेणें, द्वारीं, मुखें. मात्रेच्या शेजारी टिंब, वेलांटीच्या शेजारी टिंब. टिंब मोठं केलं तर मात्रेला चिकटतं, लहान केलं तर अधू डोळ्यांना कागदावरचा डाग वाटतं. सहा आकार करून पाहिले. गोल टिंबाऐवजी किंचित तिरकं, बोरूनं टेकवल्यासारखं टिंब केलं तेव्हा सुटलं. त्याच क्षेत्रफळात ते ठळक दिसतं आणि मात्रेपासून लांबही राहतं.

१९ एप्रिल

नवा द्व आत्याला दाखवला. चष्मा पुसून बघितला. "व वाढलाय." मी थांबलो. "पण चेहरा तोच आहे. राहू दे." नात शाळेच्या सहलीला गेली होती. तिच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं सात-आठ द्व काढलेले आत्यानं दाखवले. त्यांतल्या दोनांत व द पेक्षा मोठा होता.

११ मे

शेजारच्या विठ्ठल मंदिरात संध्याकाळी हरिपाठ असतो. पुजाऱ्यांना विचारून तिथे दोन कागदांवर छापलेली पानं नेली, एक पांढऱ्याशुभ्र कागदावर, एक नॅचरल शेडच्या, म्हणजे किंचित पिवळसर, कागदावर. अक्षर तेच. बहुतेकांना अक्षराबद्दल बोलायचंच नव्हतं. वाचता येतंय म्हणाले आणि म्हणायला लागले. मला यापेक्षा मोठी पावती नको होती.

एक गृहस्थ मात्र ठाम होते : "हे पोथीसारखं नाही." काय कमी आहे ते विचारलं, त्यांना सांगता येईना. मीही आग्रह धरला नाही. त्यांना जे दिसत नव्हतं ते मला त्यांच्याकडून समजून घ्यायचं होतं, पण बोट ठेवायला जागाच सापडली नाही. असंही होतं.

मग एक आजोबा आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर करणार. दोन्ही कागद त्यांनी हातात घेतले, आधी उजवा डोळा हातानं झाकला, मग डावा. "या डोळ्यानं हा पांढरा लख्ख. आणि या डोळ्यानं बघितलं ना, की दोन्ही कागदांना हळदीचं बोट लागल्यासारखं." मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळ्याकडचा प्रकाश अडतो, तो काढला की रंग एकदम परत येतात. चित्रकार क्लोद मोने यांचं ऑपरेशन १९२३ साली झालं, तेव्हा त्यांनाही रंग पार बदललेले दिसायला लागले होते. हे वाचलेलं होतं. पण एकाच माणसात दोन डोळे दोन पानं बघतात हे समोर बघताना माझ्या हातातले कागद मला परके वाटले. मी तीन महिने ज्या पानाचा काळेपांढरेपणा जुळवतोय ते पान नक्की कुणाच्या डोळ्यांतलं?

आजोबांना विचारलं, कुठला कागद घेऊ? "हा लख्ख टोचतो. दुसरा घ्या." कुठल्या डोळ्याला टोचतो? "बऱ्या डोळ्याला." नॅचरल शेड ठरला, ८० जीएसएम जाडीचा. ज्याला पिवळं दिसतं त्याचं यात काही बिघडत नाही, ज्याला लख्ख दिसतं त्याला आराम.

३ जून

छपाईचं पहिलं प्रूफ वाईट आलं. या कागदात शाई पसरते. पडद्यावर आणि लेझर प्रिंटवर जे बरोबर होतं ते ऑफसेटवर जाड झालं, आणि क्ष च्या आतली खिडकी बुजली. "क्षणभरी" तला क्ष डाग दिसतो. छापखान्यानं शाई कमी करून पाहिली, तर शिरोरेषा तुटक यायला लागली. चूक माझी आहे, याच कागदावर चाचणी आधी घ्यायला हवी होती.

दोन रात्री बसून पूर्ण अक्षर चार युनिटांनी बारीक केलं. क्ष, ण्य, म्ह, द्व आणि त्त यांची पोटं हातानं वेगळी उघडली. शिरोरेषेला हात लावला नाही. जुळारी काकांना फोन केला तेव्हा म्हणाले, "खिळ्यातही तेच असायचं. अक्षर शिश्यात बारीक, कागदावर बरोबर."

७ जून

दुसरं प्रूफ. काकांच्या पद्धतीनं उलटं धरून बघितलं. एका पानावर एक भोक, बाकी सारखं. सहकारीनं तिच्या बाजूनं बघितलं, तिनंही तेच भोक दाखवलं. मग तिनं पान सुलट केलं आणि ल बघत बसली. "आता सणाचा वाटत नाही," म्हणाली. थोडं वाईट वाटल्यासारखं बोलली. चार महिने रोज तोच ल काढतेय ती.

१३ जून

पुस्तकं बांधून आली. पहिल्या दोन प्रती काकांना आणि आत्याला.

काकांनी मधलं पान उघडलं, बोटानं शिरोरेषेवरून डावीकडून उजवीकडे गेले, परत आले. "द्व कुणी वाढवला?" चौथीतल्या मुलीनं, असं सांगितलं. त्यांनी पेटी उघडली, कागदात गुंडाळलेला द्व चा खिळा काढला आणि तिला द्यायला माझ्या हातावर ठेवला.

आत्याकडे पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नात पुस्तक मांडीवर घेऊन बसली, आत्या शेजारी, चष्मा न लावता. पोरगी वाचत होती, आत्या पाठ म्हणत होती, आणि "द्वारीं" ला दोघी एकत्र आल्या. दुसऱ्या अभंगात पोरगी एका शब्दावर अडली. आत्यानं चष्मा शोधला, लावला आणि तिचं बोट धरून पानावर ठेवलं.